कापलेले आठ बार

नीलिमा : परत दाब बेल.

श्रीधर : तीनदा दाबली. पियानो वाजतोय, म्हणजे निशिगाकी सान घरातच आहेत.

नीलिमा : मग दार का उघडत नाहीत? खालच्या फ्राऊ हूबरना काल सगळ्या कुंड्या नेऊन दिल्या म्हणे. आता तुम्हीच पाणी घालत जा, म्हणाले. मला भीती वाटतेय, श्रीधर.

श्रीधर : अगं, कंटाळले असतील.

नीलिमा : कंटाळलेला माणूस कुंड्या वाटत नाही. ओसाकात तीस वर्षं गेम्सचं म्युझिक केलं, बायको गेली तसे इथे जर्मनीत रेगेन्सबर्गला आले, तुमच्या गेम कंपनीत. तेव्हापासून एक रविवार आपल्याकडचा वरणभात चुकवला नाही. आज आले नाहीत, आणि तू जेवायच्या आधी गाडीची किल्ली घेतलीस. काय झालंय?

श्रीधर : सोमवारी त्यांनी शेवटची ट्यून पाठवली. मी नेहमीसारखा लूप केला.

नीलिमा : म्हणजे?

श्रीधर : गेमचं म्युझिक संपून चालत नाही. खेळणारा खेळतोय तोवर ते फिरत राहायला हवं. म्हणून शेवट दिसला की मी कापतो आणि टोक सुरुवातीला जोडतो. हातच बसलाय तसा. याचे शेवटचे आठ बार, म्हणजे तालाचे आठ तुकडे, कापले आणि कळवलं, आता मस्त फिरतंय.

नीलिमा : मग काय म्हणाले?

श्रीधर : नुसतं थँक यू. पण त्यांच्या मेलला एक चिठ्ठी जोडलेली होती. मी उघडलीच नव्हती. आज सकाळी उघडली.

नीलिमा : काय लिहिलंय?

श्रीधर : चारशे ट्यून केल्या, एकीलाही शेवट नाही. ही एक युकोसाठी. हिला संपू दे.

नीलिमा : युको म्हणजे त्यांची बायको?

श्रीधर : हो.

नीलिमा : अरे, मग इतका वेळ बेल काय दाबत बसलायस! मी इमर्जन्सीला, एकशे बाराला फोन लावते.

श्रीधर : लाव. मी कापलंय तसंच वाजवतायत. तिथपर्यंत येतात आणि पुन्हा पहिल्यापासून. आपण आल्यापासून चौथ्यांदा.

नीलिमा : फिरू दे. वाजतंय तोवर ते आहेत. श्शी, होल्डवर टाकलं.

श्रीधर : नीलिमा.

नीलिमा : काय?

श्रीधर : या वेळी मागे फिरले नाहीत. पुढे गेलेत.

नीलिमा : किती उरलं?

श्रीधर : पाच बार. चार.

नीलिमा : दार ठोक, श्रीधर. हाक मार त्यांना.

(पियानो थांबतो.)

श्रीधर : निशिगाकी सान, मी श्रीधर. शेवट परत जोडलाय मी, सकाळीच. तुम्ही एकदा ऐकून बघा ना. तुम्ही ऐकल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही.