बैलजोडीएवढं गेट

आमच्या त्या गेटाची गंमत सांगितली का तुमाला? गंमत कसली म्हणा!

डोळखांबकडून म्हसा गावच्या जत्रेला बैल विकायला चालवत न्यायची जुनी पायवाट. एका फार्महाऊसवाल्यानं ती कुंपणात घेतली. आमी पाच-सहा जण गावाच्या वाटा राखायचं काम करतो, तर सरळ त्याच्याकडे गेलो.

तो म्हणाला, "माणूस जाईल एवढी जागा सोडतो."

आमच्यातला बाळूमामा उसळला, "आनि बैल काय आडवा करून नेऊ?"

वर्षभर भांडलो, तहसीलला खेटे घातले. शेवटी त्यानं बैलजोडी आरामात जाईल एवढं रुंद, दोन दारांचं लोखंडी गेट बसवलं आणि जत्रेला उघडं ठेवायचं कबूल केलं. पुढची वाट आमी कोयत्यांनी साफ केली.

जत्रेला निघायच्या दिवशी मी सकाळपासून गेटापाशी उभा. दुपार झाली, एक बैल नाय. मामाला फोन लावला.

"मामा, कुठं रायलात?"

"म्हशात पोचलो की! पिकअपमधून आनले बैल. चालून दमले की गिऱ्हाईक भाव पाडतो रे. सगल्यांनीच गाड्या केल्या."

मी फोन खिशात टाकला. तिथला वॉचमन आमच्याच पाड्यातला. तो हळूच म्हणाला, "दादा, लावून घेऊ का?"

मी मान डोलावली. पण गेट एवढं रुंद आमीच करायला लावलेलं, त्या एकट्याला काय ओढवेना.

दुसरं दार मी ओढलं.