चौथी ओळ

मॅडम : नाही काका, हे पुस्तकही नाही चाललं. तुम्ही पान उलटलंत आणि काकूंनी जांभई दिली.

काका : त्या निमित्ताने तोंड तरी उघडलं म्हणायचं.

मॅडम : तुम्ही असे विनोद करू नका हो. मला हसू येतं आणि काकूंना वाटतं, त्यांनाच हसतेय मी. हो ना काकू?

काकू : ते... ते.

काका : मेंदूला झटका आल्यापासून एवढंच. पाणी हवं असलं तरी 'ते ते', पंखा बंद करायचा असला तरी 'ते ते'. आणि मला कळलं नाही की असं बघते माझ्याकडे! पूर्वी मला भाजी आणायला सांगताना बघायची ना, अगदी तस्सं.

मॅडम : म्हणजे बाकी सगळं शाबूत आहे.

काका : रागवणं तर अगदी पहिल्यासारखं.

मॅडम : चांगलंय की. पण काका, आज मी तुमच्याशी स्पष्ट बोलणार आहे. महिनाअखेरीला मला मोठ्या डॉक्टरांना सांगावं लागतं की कुठल्या पेशंटची वाचा सुधारतेय आणि कुठल्याची नाही. आमच्याकडे रांग आहे. काकूंच्या तोंडून एक जरी शब्द आला तरी मी भांडू शकते. नाही आला, तर ही वेळ दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

काका : आणि मग?

मॅडम : मग घरी प्रयत्न करत राहायचं.

काका : म्हणजे 'ते ते'वरच आयुष्य काढायचं. सरळ सांगा ना.

मॅडम : मी सरळ सांगते, म्हणून तर आमच्या घरी माझ्याशी कुणी बोलत नाही. ऐका. झटक्यात बोलायचं यंत्र बिघडतं. नवं वाक्य जुळवता येत नाही. पण तालावर जे मनात बसलंय, रोज कानावर पडून पडून मुरलंय, ते कधीकधी वेगळ्या कप्प्यात शिल्लक राहतं. गाणी, अंक, पाढे. अर्धी ओळ आपण म्हणायची, उरलेली माणूस आपोआप म्हणतो. काकूंच्या बाबतीत अंक झाले, गाणी झाली, काही जमलं नाही. म्हणून म्हटलं होतं, कविता आणा.

काका : मी ग्रंथालयातली सगळ्यात चांगली आणली. तिथेच जन्म गेला माझा. उत्तम काय ते मला कळतं.

मॅडम : उत्तमच असणार. मला एक अक्षर कळलं नाही. काकूंनी हे कधी ऐकलंय का घरी?

काका : छे. तिला पुस्तकांची ॲलर्जी. धूळ बसते म्हणते. म्हणायची.

मॅडम : मग हे उत्तम आपल्या काय कामाचं? मला त्यांनी रोज ऐकलेलं हवंय. तुमच्याकडे सकाळी काय काय होतं ते सांगा. अगदी उठल्यापासून.

काका : उठल्यावर मी दूध तापवतो. ती मशीनवर बसते. बसायची. शिवणकाम घ्यायची ना ती. मी आपला ओट्याशी उभा राहून पुटपुटतो. मग चहा होतो, मग पेपर...

मॅडम : थांबा. काय पुटपुटता?

काका : काही नाही.

मॅडम : काका, एवढं लाल होऊन कुणी 'काही नाही' म्हणालं की मी खुर्ची पुढे ओढते. ही बघा, ओढली.

काका : अहो, काहीतरी आपलं यमक जुळवलेलं. दूध, बटण, झाडू, असल्या गोष्टींवर. त्याला कविता म्हणू नये कुणी. मी कधी कागदावरसुद्धा उतरवलेलं नाही. चांगली कविता माहीत असलेल्या माणसाने असलं काही करू नये, एवढी तरी लाज आहे मला.

मॅडम : आणि काकू ऐकायच्या?

काका : कसली ऐकतेय! मशीनचा खडखडाट. एकदाच मला म्हणाली, 'तुमचं संपलं असेल तर दूध बघा.'

मॅडम : म्हणा.

काका : काय?

मॅडम : दूध.

काका : इथे? तुमच्यासमोर? नको हो. मी पुढच्या वेळी एखादं चांगलं...

मॅडम : काका, ही तुमची परीक्षा नाहीये. मी गुण देणार नाही. काकूंकडे बघून म्हणायचं. आणि शेवटचा शब्द तुम्ही म्हणायचा नाही. ओठ मिटून घट्ट बसायचं.

काका : हसाल तुम्ही.

मॅडम : हसले तर हसले. म्हणा.

काका : बरं. अं...
दूध ठेवलं मंद आचेवर,
गप्पा रंगल्या दारी;
दुधालाही वाटलं, आपण
जाऊ जरा बाहेरी.

मॅडम : शेवटचा शब्द म्हणालात तुम्ही.

काका : घाबरलो की मी भरभर बोलतो. बँकेतसुद्धा असंच होतं माझं.

मॅडम : पण गोड आहे हो! आमचं दूध रोज जातं बाहेरी. पुन्हा म्हणा, सावकाश. आणि माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघा.

काका : दूध ठेवलं मंद आचेवर,
गप्पा रंगल्या दारी;
दुधालाही वाटलं, आपण
जाऊ जरा...

(काकूंचा उजवा पाय शिलाई मशीनच्या पेडलवर असावा तसा हळूहळू हलू लागतो.)

काकू : बा... बाहेरी.

मॅडम : हलू नका. काका, हलू नका.

काका : ती बोलली.

मॅडम : ऐकलं मी. रडू नका, त्यांचा ताल मोडेल. दुसरी म्हणा. लगेच.

काका : दुसरी कुठली? मला काहीच आठवत नाही आता...

मॅडम : बटण म्हणालात मघाशी.

काका : हो. बटण. हां.
शर्ट नवा अन् बटण जुनं,
दोघांचं जुळलं कसं?
सुई म्हणाली, टोचून घेतलं...

काकू : दोघांनीही ज... जरासं.

मॅडम : अख्खी ओळ! काका, त्यांनी अख्खी ओळ म्हटली!

काका : ही तिला कशी येते? हिच्या वेळी तर मशीन चालू... नाही. थांबा. थांबा हो. मशीन मध्येच बंद पडायचं. मी म्हणायला लागलो की बंद पडायचं. मला वाटायचं, दोरा तुटला.

मॅडम : रोज तुटायचा?

काका : रोज. मी मनात म्हणायचो, ही हलका दोरा का आणते?

काकू : ते... ते ते!

मॅडम : हसतायत बघा. अहो, काय हसतायत! काका, चालू द्या, तोंडाला लागलंय तोवर आणखी एक.

काका : कुठली म्हणू? ही म्हणतो.
सकाळी पडदा सारला तर
ऊन उभं दारात;
म्हटलं, या की, बसा ना थोडं...
अरे देवा. ही नाही. माफ करा हं, ही नव्हती म्हणायची, ही अर्धवट...

काकू : आम्ही दोघंच... घरात.

मॅडम : वा! काय सुरेख आहे ही! काका, ही तर सगळ्यात छान आहे. आणि तुम्ही लाजत होतात? काका? काय झालं? पाणी देऊ?

काका : ही माझी नाही.

मॅडम : म्हणजे? कुणा दुसऱ्याची कविता आहे?

काका : तीन ओळी माझ्या. चौथी नाही माझी. चौथी नव्हतीच हो! मुलगी लग्न होऊन गेली त्या सुमाराला सुचली ही, आणि तीन ओळींवर अडकली. 'पसरलं साऱ्या घरात' म्हणून बघितलं, 'मावेना ते घरात' म्हणून बघितलं. सगळं पुस्तकी वाटायचं. रोज सकाळी तीन ओळी म्हणायचो आणि गप्प उभा राहायचो. दूध वर यायचं, मी गॅस बंद करायचो. आत्तासुद्धा तुम्ही सांगितलंत म्हणून नाही थांबलो मी. मला पुढची ओळ येतच नव्हती.

मॅडम : एक मिनिट. तुम्ही त्यांना कधी सांगितली नाहीत ही ओळ?

काका : मलाच माहीत नव्हती, सांगणार कुठून?

मॅडम : मग ही आली कुठून? काका, मी हे काम बरीच वर्षं करतेय. काकू आत्ता नवी ओळ रचू शकत नाहीत. एक ग्लास पाणी मागता येत नाही त्यांना. म्हणजे ही आत्ताची नाही. ही जुनी आहे. म्हणून म्हणून गुळगुळीत झालेली आहे.

काका : मनातल्या मनात?

मॅडम : तुम्ही रोज थांबत होतात ओट्याशी. त्या रोज पुरी करत होत्या मशीनवर.

काका : आणि मी समजत होतो, हिला यातलं काही... अगं, मग सांगितली का नाहीस गं मला? एवढी वर्षं मी भिंतीकडे बघत उभा!

काकू : ते... ते.

मॅडम : काय म्हणतायत?

काका : काही म्हणत नाहीये. हात फिरवतेय माझ्या पाठीवरून. मॅडम, बघा ना, किती साधी ओळ आहे. मी ऊन घरभर पसरत बसलो होतो. हिने त्याला पाहुण्यासारखं आत घेतलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. दोघंच. मुलगी सासरी गेल्यानंतर ही एकदाही बोलली नाही त्याबद्दल. नुसती मशीन चालवायची. मी मोठमोठी पुस्तकं वाचली हो. इतकं खरं मला कधी सुचलं नाही.

मॅडम : डॉक्टरांशी मी आजच बोलते. महिनाअखेरीची वाट बघत नाही. आणि तुम्ही उद्यापासून ओट्याशी उभं राहायचं नाही. खुर्ची घ्यायची, यांच्यासमोर बसायचं आणि सगळ्या म्हणायच्या. दूध, बटण, झाडू, जे असेल ते. नव्यासुद्धा करायच्या.

काका : नव्या? आता हिच्यापुढे? माझी छाती नाही हो.

मॅडम : होईल. बसा तुम्ही, मी जरा पाणी पिऊन येते.

काका : पाण्याची बाटली तर तुमच्यासमोरच आहे.

मॅडम : बाहेरचं पिऊन येते. डोळ्यांत काहीतरी गेलंय माझ्या.

काका : अहो, जाऊ नका. तुमच्यामुळे तर... या की इकडे. बसा ना थोडं.

काकू : आम्ही दोघंच घरात.