रेषेवरचा चेंडू

—झोप कसली आजोबा, एक चेंडू आत पडला की बाहेर, एवढ्यावर अख्खी रात्र काढलीय मी. हसा, हसा. नवराही हसला आणि कूस बदलून घोरायला लागला. बसा ना, ही माझी पिशवी उचलते. फक्त पाय त्या पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे ठेवा हं—ती पालकांची हद्द. सरांनी स्वतः रंगवलीय. पोरांना कोर्ट, आईबापांना बाक आणि तोंडाला कुलूप.

नातीला इथं घालायचंय होय? मग ऐका. तुम्हाला वाटत असेल, टेनिसचा कोच म्हणजे भिंतभर चषक—छे हो! आमचे सर कधी कुठे जिंकलेले नाहीत. अठरा वर्षं रेषेवरचे पंच होते. म्हणजे गुडघ्यांवर हात टेकून वाकायचं, रेषेकडे टक लावायची आणि चेंडू बाहेर गेला की ओरडायचं—झालं! केवढा हा अनुभव! आम्ही बाकावरचे त्यांना रेघोबा म्हणतो—हळू, कान तिखट आहेत त्यांचे. आणि शिकवणं तरी कसं? पहिला महिनाभर रॅकेटला हात लावायचा नाही. मी हौसेनं नवीकोरी आणलेली, ती कपाटात. आणि आमचं नऊ वर्षांचं ध्यान रेषेशी स्टुलावर, दुसऱ्यांचे चेंडू बघत—‘आत’, ‘बाहेर’, ‘आत’. घरी बापाचा घास ताटाबाहेर सांडला तरी ‘बाहेर!’ मी विचारलं, सर, फटका कधी शिकवणार? तर म्हणे, आधी डोळा, मग हात. वा! सुविचार मात्र फुकट.

आणि नियम ऐका. चेंडू रेषेला नुसता शिवला तरी आत. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपणच द्यायचा, आणि शंका आली तर गुण समोरच्याचा. सांगा, असं वागून कुणाचं भलं झालंय? पहिल्या दिवशी स्वतःची गोष्ट सांगतात—एकदा म्हणे चेंडू टेकायच्या आधीच ‘आउट’ ओरडले, आणि तो पडला आत. कुणीतरी खेळाडू त्यावर हरली. लोक आपल्या चुका झाकतात, हा माणूस दवंडी पिटतो!

रविवारी आमच्या लेकीचा पहिला सामना. पाच-पाच गुण झालेले, पुढचा गुण घेईल ती जिंकली. समोरच्या दोन वेण्यांवालीनं मारला तो तिथं आला, त्या मागच्या कोपऱ्यात. आमचं ध्यान नुसतं उभं. देऊन टाकणार होती हो गुण, आईला कळत नाही का? आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘आउट!’ कुणीतरी म्हणजे... असतात की इथं पंधरा-वीस जण. सर पलीकडच्या कोर्टावर. हिनं माझ्याकडे पाहिलं—म्हणजे बाकाकडे—आणि ‘बाहेर’ म्हणून बोट वर केलं. जिंकली की! एवढासा चषक मिळाला, मी तो तिच्या उशाशी ठेवला, तिनं नेऊन बुटांच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून टेनिसचा ‘ट’ नाही घरात.

तुम्हीच बघा आजोबा, इथून दिसते का ती मागची रेषा? नीट बघा, जाळीतून. नाही ना दिसत? ...नाहीच दिसत. मी परवापासून तीनदा बसून पाहिलं. बरं, दिसायला तो पडायला तर हवा होता. वरच होता अजून, मी तोंड उघडलं तेव्हा.

आता काय, ओरडून झालं. मला एवढंच कळत नाहीये, हिला दिसला होता का? नसेल दिसला, तर मी लेकराला फसवलं. आणि दिसला असेल—महिनाभर स्टुलावर बसलेली पोर आहे ती, आजोबा, तिला नाही दिसणार तर कुणाला?—तर मग माझ्यासाठी...

थांबा, आलीच. इतका वेळ सरांशी काय बोलत होती कोण जाणे. तिची पिशवीही आज घरून निघताना तिनं स्वतःच भरली, मला हात लावू दिला नाही. अगं ये, घामाघूम झालीस, आधी पाणी पी—असं काय बघतेस? आजोबा, फॉर्म त्या खिडकीत मिळतात हं, समोरच्या. जा तुम्ही, बंद होईल. —बोल बाळा. काय?

“चेंडू रेषेवर होता आई. चषक मी सरांना परत दिला. कोण ओरडलं ते नाही सांगितलं.”