ताठ पाठीचा माणूस

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पंचसभेचे प्रमुख माननीय लेआउपूले, शिक्षण खात्याचे अधिकारी, आदरणीय पाळक, महिला मंडळाच्या भगिनी, माझे सहकारी, मुलांनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते एतेउआती सर, आपणा सर्वांना लागिमाइनाचा नमस्कार. सरांच्या शेजारच्या वर्गात मी शिकवते, एवढीच माझी ओळख पुरे.

निरोपाला गोड बोलायचं असतं. आधीचे वक्ते बोललेही. ‘कडक शिस्तीचे’, ‘स्वाभिमानी’, ‘आपल्या मताचे’. अहो, सरळ उद्धट म्हणा ना! पाठीमागे इतकी वर्षं तेच तर म्हणताय.

काल मी सरांना विचारलं, उद्या खरं काय ते सांगू का? ते म्हणाले, “सांग. पण रडून सांगशील तर मी उठून जाईन. उठायला वेळ लागतो मला, पण जाईन.” म्हणून मी रागावून सांगणार आहे. राग तसाही आहेच.

सर या शाळेत आले तेव्हा त्यांच्याइतकं खाली वाकणारं गावात कोणी नव्हतं. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून जायचं तर ‘तुलोऊ, तुलोऊ’ अशी माफी मागत हात जमिनीला टेकेल इतके वाकायचे. म्हाताऱ्या बायका नातवंडांना दाखवायच्या, बघ, याला म्हणतात वळण. मग ते कमी कमी वाकू लागले, आणि पुढे वाकेनासेच झाले. मांडी घालून बसणंही सोडलं. पंचसभेत खांबाला टेकून उभे! न्यूझीलंडला प्रशिक्षण घेऊन आले होते ना, मग काय विचारता? “गोऱ्यांचं वारं लागलं.” “कमरेला काठी बांधलीय वाटतं.” पोरं तर त्यांना ‘नारळाचं झाड’ म्हणायची. हसू नका रे, तुम्हीच ती.

एका सकाळी मी शाळेत लवकर पोहोचले. रिकाम्या वर्गात सर दोन्ही हातांनी बाक धरून फळ्यासमोर वाकायचा प्रयत्न करत होते. शर्ट घामानं चिंब, आणि पाठ जागची हलत नव्हती. मला पाहून म्हणाले, “दार लाव आधी.”

मणक्यांचा संधिवात. मणके एकमेकांना चिकटत जातात आणि पाठीची फळी होते. रोज सकाळी फेतूआओवहिनी शेक देऊन त्यांना अंथरुणातून उठवतात, तेव्हा कुठे ते ताठ चालत शाळेत येतात.

“अहो, मग लोकांना सांगा ना!” मी म्हटलं.

“तुझ्या ताईनं सांगितलं होतं,” ते म्हणाले.

माझी सालाफाईताई. आठवते? याच शाळेत शिकवायची. संधिवातानं बोटं वाकडी झाली, तर हसत सांगायची, “माझ्या हातांचे खेकडे झालेत गं!” तुम्ही हसलात. मग तारोचे कंद उकडून आणलेत, प्रार्थना केल्यात. किती चांगले लोक आपण! दयेपोटी तिचा वर्ग काढून घेतला. दयेपोटी चटई विणायला बोलावणं बंद केलं. हळू विणायची, पण विणायची हो ती! बिचारी, बिचारी म्हणत जिवंतपणीच तिला सावलीत नेऊन बसवलं. चारचौघांत ती शेवटपर्यंत हसत राहिली. घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून काय करायची, ते मला विचारा.

“मला बिचारा व्हायचं नाही,” सर म्हणाले. “उद्धट माणसाचा वर्ग कोणी काढून घेत नाही.”

न संपणाऱ्या दुखण्यासोबत जगायला माणूस काय काय शोधतो! ताईनं हसू शोधलं, सरांनी गर्व. शर्टाला कडक इस्त्री, आणि कोणी हाक मारली तर मान वळवायची नाही. वळवणार कशी? वळतच नव्हती.

आणि मग नव्या इमारतीचं उद्घाटन आलं. सर ताठ मानेनं पंचांसमोरून गेले. अध्यक्ष, भर सभेत तुम्ही विचारलंत, “शिक्षकाला वाकता येत नाही का?” सर म्हणाले, “तुमच्यासमोर नाही.” संतापलात. पंचसभेनं फर्मान काढलं, रीतीप्रमाणे माफी मागा. म्हणजे तुमच्या अंगणात गुडघे टेकून, वाकून, डोक्यावरून चटई ओढून बसायचं, तुम्ही बाहेर येऊन ती उचलेपर्यंत.

गुडघे टेकायला सर जाणार कसे? फेतूआओवहिनी गेल्या. पहाटेपासून उन्हात बसल्या. तुम्ही ओसरीवर कोको पीत होतात, मी कुंपणाबाहेरून पाहत होते. दुपार झाली तेव्हा चटई उचललीत आणि विचारलंत, “नवऱ्याला यायला लाज वाटली का?” वहिनी म्हणाल्या, “हो.” त्या एका शब्दाऐवजी सत्य सांगून मोकळं होता आलं असतं त्यांना. नाही झाल्या.

एवढी माफी घेऊनही तुमची तक्रार खात्याकडे गेलीच. अधिकारी साहेब, तुमच्या कागदावर ‘वर्तन’ असं कारण आहे आणि मुदतीआधी निवृत्ती. माणसाची पाठ का वाकत नाही, हे विचारायला एकजण तरी आलात का हो त्याच्या दारी?

बसा, अध्यक्ष, उठू नका. आता त्यांना भेटायला हात जोडून येऊ नका, आणि तारो तर मुळीच आणू नका. मुलांना गणित शिकवायचं होतं त्यांना. तेवढंच हवं होतं. ते तुम्ही घेतलंत.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची आभारी आहे. काय बोलणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांना बोल लावू नका. महिला मंडळानं जेवायला पालुसामी केली आहे, त्यांचेही आभार.

शेवटी, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी, असं म्हणायची रीत आहे. माझ्या क्षमेचं नंतर बघू. फेतूआओवहिनी तिथे खिडकीपाशी बसल्या आहेत. त्यांनी काहीही केलं नव्हतं, तरी मागितली होती. आता तुमची पाळी. मी थांबते.