ठिपक्यांतला आकडा

शास्त्री नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अलकाताई चष्म्याचा नंबर काढायला बसल्या होत्या. शेजारच्या बाकावरून अचानक मराठी कानावर आली. आई आणि मुलगा होते. जयपुरात आपलं बोलणं कोणाला कळतंय, अशा बिनधास्त आवाजात चाललं होतं. अलकाताईंनी गुपचूप हिंदी पेपरात डोकं खुपसलं.

“नीरज, डॉक्टर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवेल. त्यातला आकडा दिसत नाही, एवढंच म्हण.”

“मग मला जहाजावर घेणार नाहीत, आई.”

“म्हणून तर सांगून राहिले. तुझे बाबा इंजिन चालवतात, त्यांचीही हीच तपासणी होते. मला ठाऊक आहे सगळं.”

“बाबांना का नाही म्हणालीस असं?”

“रेल्वे जमिनीवरून जाते, बाबू. त्या सायबर कॅफेत जहाजांचे व्हिडिओ बघून तुझं डोकं फिरलं.”

“मी दोर ओढीन, गंज खरवडीन, डेक धुईन. मतलब, खलाशाचंच काम आहे. पण मी जाणार.”

“समुद्र पाहिला तरी आहेस का कधी?”

“नाही. जाऊन पाहीन.”

“आणि रात्री अंधारात समोरून दुसरं जहाज आलं तर?”

“त्याचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, ते बघून आपलं जहाज वळवतात. मी पहाऱ्यावर असलो तर ते मलाच ओळखावं लागेल.”

आईच्या पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला.

“नीरजजी, अंदर आइए.”

“थांब. डोळे चोळू नको. हा रुमाल घे, आधी घाम पूस.”

“आई, मी खोटं नाही बोलणार.”

“घाई करू नको. आकडा नीट बघून सांग.”