ओवा घालून उकळलेलं सॅम्पल

...आन् ती लॅबवाली बाई मला म्हणती, "आजोबा, ह्या पाण्याला ओव्याचा वास कसा येतोय?" आता काय सांगू तिला? तुमीच सांगा! अक्कलकोटकडनं दीड तास एसटीत उभा राहून, बाटली पोटाशी धरून सोलापूरला आलेला माणूस मी, मला काय ठावं आमच्या बायकोनं, मल्लव्वानं, सकाळी उठून सॅम्पलच उकळलंय म्हणून! उकळलं, फडक्यातनं गाळलं, वर चिमूटभर ओवा! का, तर म्हणे चारचौघांत जाणारं पाणी हाय, आपल्या हिरीची अब्रू जायला नको. बाई हसली की हो. म्हणाली, हिरीतनं काढल्यालं तसंच आणायचं असतंय, परत आणा. परत म्हंजे परत एसटी... पण तुमाला सांगतो, पाणी गोड हाय हो आमचं!

तुमी म्हणाल, संगप्पा, गोड हाय तर तपासायचं कशाला? साठ वर्सं पितोय मी ह्या हिरीचं, मला कदी कोण विचारलं न्हाय. पण आमचा पोरगा सोमशेखर हैदराबादला असतो, कंपनीत. त्याला पोरगी झाली, संस्कृती नाव ठिवलं. बाळंतपण तिकडं, बारसं तिकडं. आमी नात बघितली ती मोबाइलवर, तीबी निम्मीच, कारण मल्लव्वाचा अंगठा मदी यायचा. ती रोज विचारायची, कदी येतोस रं? आन् त्यो म्हणायचा, अव्वा, पोरगी वरच्या दुधावर हाय, पावडर पाण्यात कालवावी लागती, आन् तुमचं पाणी हिरीचं. आदी तपासून घ्या, रिपोर्ट चांगला आला की लगेच येतो. लगेच म्हणाला, बरं का... त्या एका 'लगेच'वर मल्लव्वानं चार झबली शिवली.

मग परत गेलो. बिनओव्याचं नेलं. रिपोर्ट आला, नायट्रेट एकशे वीस! पायजे किती? पंचेचाळीसच्या आत! बाई म्हणाली, शेतातल्या युरियाचं असंल, हिरीजवळच्या उकिरड्याचं असंल. जिभेला कळत न्हाय, पण तान्ह्या लेकराला लई वाईट, रगतातनं प्राणवायू पोचत न्हाय, लेकरू निळं पडतं. मी म्हणलं, मग उकळून देऊ की. तर म्हणती, उकळलं की पाणी आटतं आन् नायट्रेट हाय तेवढंच ऱ्हातं, म्हंजे उलट जास्तच हुतं. घ्या! म्हंजे आमची मल्लव्वा जेवढी माया करणार, तेवढं इख वाढणार... तितंच बाकड्यावर बसलो मी. साठ वर्सं ज्याला त्याला तांब्या भरून दिलो ना... प्या, पाणी गोड हाय हो आमचं, म्हणून.

घरी येऊन सांगितलं. मल्लव्वा तडक उठली. हिरीच्या काठावर गेली, आत वाकली आन् म्हणाली, "माझ्या नातीला यायचं हाय, तुला लाज न्हाय वाटत?"

मग काय, उकिरडा हलवला, भितीला आरओचं मशीन ठोकून घेतलं. मशीन चालू हुईस्तोवर दोन महिने गेले, कारण मेकॅनिक आला की लाईट नसायची, आन् लाईट आली की मेकॅनिक! शेवटी तिसरी बाटली नेली, मशीनमदली. नायट्रेट बारा! पिण्यास योग्य, असं लिवलंय, शिक्का हाय त्याच्यावर! हितनंच, ह्याच स्टँडावरनं फोन लावला. सोम्या, लेका, बारा आलं, बारा! मग म्हणाला, बरं झालं की अप्पा, पण आता ऊन लई हाय. म्हणलं, ऊन सरल्यावर ये. तर पोरीची लस हाय. लस झाल्यावर? सुट्टी न्हाय. म्हणलं, दोन रोजासाठी तरी आण की रं, तुझी आई झबली घडी घालून बसलीया, पोरगी सात महिन्याची झाली, ती झबली आता आखूड हुतील... तर म्हणाला, "अप्पा, खरं सांगू? तिकडं गावाकडं करमत न्हाय ओ आमाला. बघू."

बघू म्हणाला. फोन ठिवला. तुमाला सांगतो, पाणी वाईट हाय असं ऐकलो तवा एवढं वाईट वाटलं नव्हतं.

आता घरी जाऊन काय सांगायचं? ती दारातच उभी. तिला अक्षर येत न्हाय, ती माझं तोंडच वाचती. काय आलं? म्हणून इचारली, आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, "अजून वाईटच हाय."

तवापास्नं दर महिन्याला ती बाटली भरून देती. म्हणती, ह्या बारीला बरं येईल, जावा. मी सोलापूरला येतो, हितल्या लिंबाच्या बुंध्यात ओततो, एक चहा पितो आन् माघारी जातो. लिंब बगा कसा टरारलाय... पाणी गोड हाय हो आमचं! घरी गेलो की म्हणतो, न्हाय जमलं अजून. की ती चालली हिरीवर. धा मिनिटं शिव्या घालती, तोंड दुकंस्तोवर. मी आत बसून ऐकतो. अडवत न्हाय. कारण पोराचं खरं कळलं तर ही बाई कुणाला एक शब्द बोलायची न्हाय, भितीकडं तोंड करून उपाशी पडून ऱ्हाईल. मला ठावं हाय की. हिरीला घालती शिव्या, मन मोकळं हुतं, हात धुती, आत येती... आन् दोन भाकरी खाती.