खुलताबादहून पायी

वेरूळच्या थांब्यावर खुलताबादची बस येईना. माझ्या पुढं दोन म्हातारे उभे होते. एकाच्या शर्टाच्या गळ्यातून छातीवरच्या टाक्यांची रेघ दिसत होती.

"अरे चांदभाई, तुम्ही इथं कसे?"

"आलो होतो बाजाराला. अन् तुम्ही, अनंतराव?"

"पायवाटेनं उतरलो. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा. एकटा."

"एकटं कशाला यायचं? काय झालं असतं म्हंजे?"

"काय झालं नाय. दम नाय, छातीत कळ नाय. कुठं थांबलोसुद्धा नाय."

"दोनदा बसलात. एकदा लिंबाखाली, एकदा ओढ्यापाशी दगडावर."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वहिनी सकाळी दुकानात आल्या. म्हणल्या, ह्ये काय ऐकायचे नाहीत, तुम्ही जरा मागं मागं जा. ही जिभेखालची गोळी दिली खिशात."

"द्या इकडं."

"आता त्यांच्याच हातात देतो. अल्लाचा शुकर, लागली नाय."

"चांदभाई, लिंबाखाली मी माझ्यासाठी बसलो होतो."

"अन् ओढ्यापाशी?"

"मागं वळून बघितलं, तर तुम्ही गुडघा धरून उभे."